गोगलगाय-अंतिम

स्टाफरूममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधल्या खुर्चीत 'मुक्तिदाते' बसले होते. हे नाव वाणिज्याच्या सरांनी ठेवलेलं. सरांचा शोधनिबंध या गृहस्थांनी एका रात्रीत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आणला होता. त्याआधी दोन ठिकाणांहून तो साभार परत आला होता, हे सर हल्ली सांगत नसत.

"ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे काय? मुक्त प्रवेश!" मुक्तिदाते डोळे मिटून म्हणाले. "जुनी नियतकालिकं लेखकाला दारात ताटकळत ठेवतात. आमचं दार सताड उघडं. आमच्या परदेशी परीक्षकांना दोष दिसतच नाहीत."

"चष्म्याचा नंबर तपासा म्हणावं त्यांना," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. बढतीची मुलाखत तोंडावर असताना माणसं सहसा हसत नाहीत.

प्राणिशास्त्राच्या बाईही हसल्या नाहीत. गोगलगाईंच्या दातांवर त्यांनी चार वर्षं डोळे फोडले होते. बढतीला दोन प्रकाशनं हवीत, गाठीशी एकच. त्या संध्याकाळी त्यांनी मुक्तिदात्यांची दक्षिणा भरली आणि एका हाताने लेकीची वेणी सोडवत दुसऱ्या हाताने 'गोगलगाय-अंतिम' ही फाइल पाठवून दिली.

सकाळी स्वीकृतिपत्र हजर. "संशोधनपद्धती भक्कम. निष्कर्ष क्रांतिकारक. 'गोगलगाईला दात नसतात म्हणून ती कुणाला चावत नाही' हे प्रतिपादन विशेष मोलाचे."

बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. त्यांनी पाठवलेली फाइल उघडली. 'माझी मैत्रीण गोगलगाय', इयत्ता चौथी. लेकीने आईचं पाहून फाइलला तेच नाव दिलं होतं.

बाईंनी ग्रंथपाल बाईंना गाठलं. दोघींनी वाणिज्याच्या सरांचं पत्र मागून घेतलं. सरांनी ते चौकटीत लावलं होतं, वाचलं मात्र नव्हतं. "संशोधनपद्धती भक्कम. निष्कर्ष क्रांतिकारक. 'शेवटी मी माझ्या सासऱ्यांचा ऋणी आहे' हे प्रतिपादन विशेष मोलाचे."

"साचा ठरलेला," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "निबंधाचं शेवटचं वाक्य उचलायचं नि मधे कोंबायचं. परीक्षक-बिरीक्षक कुणी नाही."

दुपारी स्टाफरूममध्ये दोन्ही पत्रं मोठ्याने वाचली गेली. सर भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले. मुक्तिदाते मात्र गोगलगाय, पोटात पाय! हळूच बाईंच्या कानाशी लागले. "फाइल बदलून देतो, मॅडम. मुलाखतीत पत्रच बघतात, आत कोण डोकावतंय?"

"मी डोकावले ना," बाई मोठ्याने म्हणाल्या. "माझं खरं काम तुमच्याकडे आलं नाही, ही माझी चूक नव्हे, नशीब."

"संशय घेतला की परीक्षकांची कृपा आटते," मुक्तिदाते बॅग आवरत म्हणाले.

"अहो, पण पैसे तर खरी नियतकालिकंही घेतात की!" सर कळवळले.

"काही घेतात," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "काहींचा खर्च विद्यापीठं उचलतात, लेखकाला पैसाही पडत नाही. काही ठिकाणी छापलेल्या निबंधाची आपली प्रत संस्थेच्या संग्रहात सगळ्यांसाठी ठेवता येते. मुक्त म्हणजे वाचणाऱ्याला दार उघडं, सर. लिहिणाऱ्याला तपासणी माफ, असं नव्हे. पैसे छपाईचे असतात. इथे निकालच विकत मिळत होता."

बाई एकाच प्रकाशनावर मुलाखतीला गेल्या आणि बढतीविना परतल्या. दातांचा निबंध त्यांनी एका खऱ्या मुक्त नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकांनी चार पानं शंका कळवल्या. बाई रात्रभर चरफडल्या आणि सकाळी कामाला लागल्या.

लेक शाळेतून आली ती फुरंगटून. निबंधात 'दात नसतात'खाली शाळेतल्या बाईंनी लाल रेघ ओढली होती आणि शेजारी लिहिलं होतं : पुन्हा बघ.

आईने तिला सूक्ष्मदर्शकाखाली गोगलगाईची जीभ दाखवली. दातांच्या रांगाच रांगा.

"अय्या! म्हणजे आमच्या बाईंनी खरंच वाचलं होतं?"

वाचकहो, आपलं लेखन कुणाच्या हाती देण्याआधी एवढंच विचारा : तिथे 'पुन्हा बघ' म्हणणारं कुणी आहे का?