राखाडी रेघ

कानडी मुलखात, येलहंक्याच्या घरी राहायला आलो तेव्हा माझ्या पितळी पातेल्यांची कल्हई उडाली होती, आणि कल्हईवाला काही फिरकेना. आंबट केलं की कळकायचं. ॲल्युमिनियमला सासूबाईंचा विरोध, तोही पुण्याहून पत्रानं. वीणा अडीच वर्षांची, पोटानं नाजूक. तिला कशात शिजवून घालावं याचाच मला घोर.

घरमालकीण गंगव्वा भिंतीपलीकडच्या खोल्यांत एकट्या राहायच्या. धारवाडकडच्या, मराठी बोलायच्या, मध्येच कानडी. एका सकाळी त्या पदराखाली झाकून एक चंबू घेऊन आल्या.

"कथलाचा आहे बघ. ह्यात सार कर, लेकराला बाधायचं नाही. फक्त रिकामा जाळावर ठेवू नको. बसतो."

"बसतो म्हणजे?"

"वितळतो की ग. तुम्ही पुण्याकडच्या बायका आधी फोडणी टाकता. ह्यात आधी सार, मग जाळ. कळलं? सरी?"

त्यांची मुलगी शालन चौथ्या वर्षी गेली होती, पोटदुखीनं आणि झटक्यांनी. आम्ही राहत होतो त्याच खोल्यांत. "ह्यातल्या साराशिवाय दुसरं तोंडात घ्यायची नाही," त्या म्हणाल्या. चंबू माझ्या हातात दिला तरी क्षणभर त्यांची बोटं सुटेनात.

चंबू दिसायला लहान, पण उचलला की मनगट खाली जायचं. टिचकी मारली तर नाद नाही. आमसुलाचं सार मात्र त्यात गूळ न घालताही गोड लागायचं. वीणा वाटी पुढे करून म्हणायची, "गोड पाणी." मी आणखी वाढायची. माझं लेकरू जेवतंय, याहून काय हवं होतं मला?

महिन्याभरात ती गप्प होत गेली. 'चिऊ' म्हणायची ती नुसतं बोट दाखवू लागली, मग बोटही दाखवेना. रंग उतरला. पोट दुखलं की गुडघे छातीशी घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून बसायची. तिथं कुणी असल्यासारखी. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं.

मग त्या भिंतीवर रेघा दिसू लागल्या. राखाडी, लांबच लांब, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. घरात पेन्सिल एकच, ती ह्यांच्या खिशात. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर चुन्याचा पापुद्रा सुटला, आणि त्याखाली आणखी रेघा होत्या. तशाच. त्याच उंचीवर. फडकं तिथंच टाकून मी वीणाला उचललं आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दुपारी कळलं. वीणानं चंबू चाटूनपुसून रिकामा केला, आडवा धरला आणि तो भिंतीला घासत चालू लागली. मागे रेघ उमटत होती. मी हाक मारली तशी ती वळली आणि कितीतरी दिवसांनी हसली. तिच्या हिरड्यांवर तीच राखाडी रेघ होती.

हे केबलच्या कारखान्यात होते. संध्याकाळी ह्यांनी चंबू वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर घासला.

"कथील इतकं ठळक उमटत नाही. शिसं आहे हे. आंबटात उतरतं, म्हणून सार गोड. विकणाऱ्यानं फसवलंय. आमच्याकडे शिशावर काम करणाऱ्यांच्या हिरड्या अशा होतात."

"म्हणजे शालनसुद्धा..."

ह्यांनी कागदाची घडी घातली.

सकाळी वीणाला मोठ्या दवाखान्यात नेलं. ते भांडं आधी बंद करा, अजून हातात आहे, असं तिथले डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर हे म्हणाले, "गंगव्वांना सांगायला हवं." मी म्हटलं, "काय सांगू? तुमच्याच हातानं, असं?"

त्यापेक्षा वीणाला ह्यांच्याबरोबर बाहेर धाडलं, शेगडी अंगणात मांडली आणि रिकामा चंबू निखाऱ्यांवर ठेवला. तो आवाज न करता एका कुशीवर कलला, मग त्यानं मान टाकली. राख निवल्यावर त्यातून गोळा काढला आणि गंगव्वांना हाक मारली.

"विसरले हो. फोडणीसाठी रिकामाच ठेवला."

त्यांनी कपाळावर हात मारला. "सांगितलं होतं ना ग? असू दे. लेकराला भाजलं नाही ना?" मग गोळा पदरात घेऊन कुरवाळत म्हणाल्या, "वाया जायचा नाही. चिक्कपेठेच्या बाजारात ओतून देतात. ह्याचाच नवा करून आणते, बारका, वीणाच्या मापाचा."

एवढ्यात हे वीणाला घेऊन दारात आले.

मी गंगव्वांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं. खाली बसवलं. त्यांच्या पदरातला गोळा घेऊन भिंतीवर ओढला. जुन्या रेघांशेजारी नवी रेघ उमटली. मग वीणाला मांडीवर घेऊन मी तिचा ओठ हळूच वर केला.

गंगव्वांनी भिंतीकडे पाहिलं, हिरडीकडे पाहिलं, परत भिंतीकडे.

"तिलाही होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, जांभळं खाल्ली."

वीणानं हात लांबवून त्यांच्या बांगड्या धरल्या.

"ही बरी होईल काय ग?"

"होईल म्हणाले."

त्यांनी पदराचं टोक घागरीत भिजवलं आणि भिंत पुसायला घेतली. माझी रेघ पुसली. खालच्या, चुन्याआडच्या रेघांपाशी हात थांबला. तिथं त्यांनी नुसता तळवा टेकवला, आणि तसाच ठेवला.