हंसाबाईच्या खुराड्यातला करंट

“हात काढ, बाई! आधी हात काढ!”

हंसाबाईनं खुराड्याच्या पत्र्यावरचा हात काढून पदराला पुसला. “थोडंसंच झिणझिणते. सवय झाली.”

आर्णीहून तांड्यावर आलेला वायरमन अब्दुल गनी खाली बसला. एकसष्टाव्या वर्षी तो प्रत्येक कामाआधी थोडा बसून घ्यायचा.

खुराड्यात वीज आणली होती तिच्या पोरानं, सुनीलनं. थंडीत पिल्लांना ऊब म्हणून बल्ब. वायर कपडे वाळवायच्या तारेला गुंडाळत आली होती. जोडावर चिकटपट्टीऐवजी बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा होता. त्यावर टपोऱ्या बोंडाचं चित्र.

“किती मेल्या?”

“तीन कोंबड्या, एक कोंबडा.”

“अन् मले आज बोलावून राह्यले?”

“मेली का रस्सा होते न, चाचा,” सुनील म्हणाला. “तक्रार कोण करन?”

आता बावीस पिल्लांना बल्ब हीच आई होती, आणि आईत करंट होता. बल्ब काढला तर पिल्लं गारठून मरणार, ठेवला तर एखाद्या सकाळी हंसाबाई.

“रस्सा ठेवला हाये तुमच्यासाठी, गनीभाऊ.”

“करंटनं मेलेली आमाले चालत नाही, बाई. चहा चालते.”

गनीनं भिंतीच्या कडेनं चर खणला, पाइपातून नवी तीन तारांची केबल नेली. घराशी खटका बसवला. कुठं करंट फुटला की वीज आपोआप बंद करणारा. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ टाकलं.

“जमिनीले मीठ? फिकी लागते का?” हंसाबाईनं विचारलं.

पत्रा नि जाळी अर्थिंगला बांधून त्यानं बटण दाबलं. खट्. अंधार. पुन्हा दाबलं. खट्.

“हा खटकाच बेकार हाये,” सुनील म्हणाला. “काढून टाका न. दुसरा वायरमन दहा मिन्टात करून देते.”

“देते. अन् मंग लोक मले बोलावते.”

बल्बचा होल्डर सुनीलनं हट्टानं जुनाच ठेवायला लावला होता. गनीनं तो उलटा केला. त्यातून पाणी ओघळलं. नवा होल्डर लागला, बल्ब पेटून राहिला, पिल्लं खाली गोळा झाली.

गनीनं पत्र्याला टेस्टर लावून पाहिला. मग चपला काढल्या. मालकाच्या आधी आपण हात लावायचा, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. पत्र्याला हाताची मागची बाजू टेकवली. काही जाणवलं नाही. पण गेल्या वर्षापासून त्या हाताला काहीच जाणवत नव्हतं. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. तो गुडघ्यावर बसला आणि पत्र्याला गाल लावला.

“काय म्हंते?” हंसाबाईनं विचारलं.

“काही म्हणत नाही.”

तरी तो उठेना. हंसाबाईनं एकदा त्याच्या गुडघ्यांकडे, एकदा लोंबत्या हाताकडे पाहिलं आणि तोच हात धरून त्याला उठवलं. तिचा हात गार होता की गरम, ते गनीला कळलं नाही. जोर तेवढा कळला.