बोडका सातू

फाल्गुन लागला की माझं आणि नवऱ्याच्या शर्टांचं भांडण सुरू व्हायचं. बाकी साल शर्ट सरळ असायचे. घाम, माती, कॉलरचा मळ, साबण लावला की निघायचा. फाल्गुनात मात्र डाव्या बाहीत थेट काखेपर्यंत सातूची कुसळं. बोटापेक्षा लांब, आणि कडेनं करवतीसारखे बारीक दाते. दगडावर आपटा, घासा, नळाखाली धरा, निघायचं नाव नाही, उलट शिवणीत आणखी घुसायची. मी बोटं रक्ताळून घ्यायची आणि ओरडायची, "शेतात काम करून राह्यले का लोळून राह्यले?"

हे पाटावर बसून भाकरी मोडायचे.

यांचं नाव बद्रीनाथ. पूर्वी उखाण्याशिवाय घेत नव्हते, आता वय झालं, कोण विचारतंय. जालन्याहून अंबडला जाताना रस्त्याला लागून एका बियाणं कंपनीचं शेत होतं, तिथं हे पिकांच्या नव्या जाती तयार करायचे. कंपनी चालायची ज्वारी-कपाशीवर. पण औरंगाबादकडे बिअरचे कारखाने आले आणि त्यांना माल्ट लागायला लागलं. माल्ट म्हणजे दुसरं काही नाही, भिजवून, मोड आणून भाजलेला सातू. तो लांबून उत्तरेतून यायचा. कंपनीच्या मोठ्या साहेबांना वाटलं, इथंच का पिकवू नये? आमच्याकडे सातू लावतो कोण? कुणाच्या बांधाकडेला चार ओळी, उन्हाळ्यात गूळपाण्यात कालवायच्या पिठापुरत्या, नाहीतर होमापुरत्या. मला तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही आणि आता बिअरचं पीक काढणार!

आमची मुलगी साळू. सासूबाई साळूबाई गेल्या त्याच वर्षी ही झाली, म्हणून ते नाव. शेजारणी नाकं मुरडायच्या, इतकं जुनं नाव! पण हाक मारताना तोंड गोड व्हायचं माझं. पंच्याऐंशीच्या फाल्गुनात ती चौथ्या वर्षात होती. कापणी चालू होती म्हणून मी यांचा डबा घेऊन शेतावर गेले, ती कडेवर.

आमच्याकडचं प्रत्येक पोर एक खेळ खेळतं. ओंबी घ्यायची, देठ वर आणि कुसळं खाली धरून बाहीत घालायची आणि हात हलवायचा. कुसळांचे दाते कापडाला धरतात, त्यामुळे ओंबी खाली पडत नाही, आपोआप वर वर चढत जाते. मीही लहानपणी माहेरी हसनाबादला गव्हाची ओंबी घेऊन हेच खेळले. यांनी साळूच्या झग्याच्या बाहीत ओंबी घातली आणि म्हणाले, "हलव हात." ओंबी चढत चढत खांद्यावर आली, गळ्यातून डोकावली. साळू अशी खिदळली की कापणाऱ्या बायका विळे थांबवून बघायला लागल्या. "पुन्यांदा, बाबा!" मी बांधावर बसले होते. मीही हसत होते.

मग हे कामाला लागले, मी डबा उघडायला लागले, आणि साळूनं ओंबी तोंडात घातली. तोंडातही चढते का बघत असेल. आणि हसतच होती. तिला ठसका लागला. मी धावले, ओंबी ओढून काढली, पाणी पाजलं. ठसका थांबला. कुसळाचा एक तुकडा आत राहिला, हे कुणाला कळणार?

आधी खोकला, मग ताप. औषधानं उतरायचा, पुन्हा चढायचा. छातीचा फोटो काढला, त्यात कुसळ दिसेना. ते काय लोखंड आहे दिसायला? शेवटी औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून तुकडा काढला, तोवर फुप्फुस पुवानं भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "कुसळ आल्या वाटेनं मागं येत नाही. श्वासागणिक पुढंच सरकतं." दुसऱ्या दिवशी साळू गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार लोकांसमोर, मी यांच्याकडे बघून म्हणाले, "तुमी मारलं तिला. तुमी."

त्या घडीला आईच्या तोंडातून काय ओव्या निघणार? जे निघायचं ते निघालं. यांनी खाली मान घातली आणि ती पुढं बरीच वर्षं वर आलीच नाही.

त्यानंतर माझ्या घरात सातू आला नाही. पीठ नाही, होमाच्या पुडीतसुद्धा नाही. हे मात्र रोज सकाळी सातूकडेच जायचे. मोठ्या साहेबांनी स्वतःहून कपाशीवर जा म्हटलं होतं, यांनी नको म्हटलं. माझा जळफळाट व्हायचा. ज्यानं पोर खाल्ली त्यालाच हा माणूस पाणी घालतो, असं मी आयाबायांत बोलून दाखवलं आहे. घरात आमचं बोलणं उरलं होतं मीठ आणि रॉकेलपुरतं. वेळेवर भाकरी, वेळेवर पगार, आणि फाल्गुनात बाहीतली कुसळं.

पुढं पुढं ती कमी व्हायला लागली. आणि एका फाल्गुनात शर्ट अगदी स्वच्छ आले. मला वाटलं, चला, टेबलखुर्चीवरचं काम मिळालं वाटतं. बोटं सुटली माझी. यांना मी काही विचारलं नाही आणि यांनी काही सांगितलं नाही.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी मुनीरभाई दारात आले. शेतावर यांच्या हाताखाली पहिल्यापासून तेच. जालन्यातच मस्तगडला राहायचे. त्यांची लेक गौहर साळूच्याच वयाची, म्हणून मी त्यांच्या घरी जायचं टाळत असे, आणि ते त्यांना कळत असे.

"भाभी, साहेब आज घरी आले म्हंजे त्यांना काई बोलू नका," ते म्हणाले. "माल्टवाल्यांनी बोडका नापास केला."

"कोणता बोडका?"

"तुमाला ठाव न्हाई?"

मग ते उंबऱ्यावरच बसले आणि सांगत गेले. उत्तरेकडच्या एका संशोधन केंद्रातून यांनी मूठभर बी मागवलं होतं. त्या सातूला कुसळंच नव्हती, पण तो अगदीच किडमिडीत. त्याचा आणि इथल्या टपोऱ्या, कुसळवाल्या सातूचा संकर करायचा, म्हणजे कोवळ्या ओंबीतले पुंकेसर चिमट्यानं एकेक काढायचे, दुसऱ्याचा पराग लावायचा, वर कागदी पिशवी बांधायची. मग दरसाल पेरायचं, निवडायचं, पुन्हा पेरायचं.

"साळूबेटी गेली तवापासून येकच काम करून राह्यले, भाभी. डोळ्याला बोडकी दिसली तरी भरवसा ठेवायचे न्हाईत. निवडलेली हरेक ओंबी सोताच्या बाहीत घालायची अन् हात हलवायचा. जरा चढली का बाद. आमी पयले पयले हसायचो. मंग समजलं, तवा कुणीच हसलं न्हाई."

मला शर्ट आठवले. एकेक कुसळ शिव्या देत उपटलं होतं मी.

"मंग नापास कशानं झाला?"

"दाणा बारीक. माल्टवाले आधी चाळणी लावतेत. चाळणीवर राह्यला तो दाणा त्यांच्या कामाचा. आपला निम्मा खाली गळला. मोठे साहेब म्हणले, कुसळ हिरवं असतं तवा पानावानी दाण्याला पोसतं. शेवटचं दूध त्याच्यातूनच भरतं. कुसळ काढलं का दाणा उपाशी."

"हे यांना ठाव नव्हतं?"

"पयल्या दिवसापासून ठाव व्हतं, भाभी."

"पिठाला तर चालंल की?"

"पिठासाठी कंपनी बियाणं कशाला काढील? पिठाचा सातू बाजारात दोन पायल्या इकतो, बस." मुनीरभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वाफे मोडा म्हणले. बी गुरांच्या खुराकात. कुसळवाला पास झाला, पुढच्या साली शेतकऱ्यांना तोच देणार."

संध्याकाळी हे आले. शर्टाच्या खिशात चार-पाच ओंब्या. हातपाय धुतले, पाटावर बसले, भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

"मुनीर आल्ता का?"

"आल्ता."

मी पुढं होऊन यांच्या खिशातली एक ओंबी काढली. साळू गेल्यानंतर पहिल्यांदा सातूला हात लावला. उलटा हात फिरवला, सुलटा फिरवला, कुठंच टोचत नव्हतं. मी यांचा डावा हात ओढला, बटण काढलं, देठ वर करून ओंबी बाहीत घातली.

"हलवा हात."

यांनी हळूच हात हलवला. ओंबी सरकन खाली आली आणि ताटात पडली. मी पुन्हा घातली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा यांनी हात हलवलाच नाही. हात तसाच पुढं धरून हा माणूस लेकरासारखा हुंदके द्यायला लागला. दवाखान्यातसुद्धा यांनी डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता.

"तुमी न्हाई मारलं तिला," मी म्हणाले.

"बाहीत म्याच घातली व्हती ना, उषा."

"अन् म्या बांधावर बसून हसत व्हते."

जेवण राहिलं. साळूचं नाव घेऊन आम्ही दोघं एका जागी पहिल्यांदाच रडलो. एवढी वर्षं वेगवेगळं रडत होतो, आणि त्याला मी संसार म्हणत होते.

मुनीरभाईंनी खुराकातून दोन ओंजळी बी वाचवून आणलं. कार्तिकात मी परसात वाफा केला, पाणी दिलं, आणि सातू घरात आणायचा नाही म्हणणारीच्या दारात सातू डोलायला लागला. तोवर अंबड रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंपनीचा कुसळवाला उभा होता. पीक जोरात, भाव बरा, लोक खूश. त्यांचं काय चुकलं?

फाल्गुनात मीच यांना म्हटलं, चला. परसातल्या बोडक्या ओंब्या पिशवीत भरल्या आणि आम्ही अंबड रस्त्यावरच्या कारभारी पाटलांच्या खळ्यावर गेलो. मळणीयंत्र धडधडत होतं, आणि कडेला पोरं. काय खेळत होती, ते सांगायला नको.

पाच वर्षांची असेल, कारभारींची नात पुढं आली. मी खाली बसले. "बाई, ती टाक. ही घे, बघ कशी मऊ हाय."

तिनं ओंबी घेतली, बाहीत घातली, हात हलवला. ओंबी खाली पडली. तिनं पुन्हा घातली, जोरात हलवला. पुन्हा पडली.

"ही तर चढतच न्हाई, मावशी. खराब हाय."

बोडकी ओंबी तिनं मातीत फेकली आणि पेंढीतून कुसळवाली उपसली. बाकीच्या पोरांनीही बघून घेतलं. पिशवीतली एकही ओंबी कुणी हातात धरली नाही.

हे वाकले. फेकलेली ओंबी उचलली, फुंकर मारून माती उडवली आणि खिशात ठेवली.

पोरीची ओंबी कोपर ओलांडून दंडावर आली, खांद्यावर चढली, गळ्यातून डोकावली. तिनं मान मागं टाकली आणि आ वासून खिदळली.

"तोंड मिटून हास गं," मी म्हणाले. "माझी बाई, तोंड मिटून हास."

तिला त्याचंच जास्त हसू आलं.