केसाएवढी फट

वाटप्याचं खरं नाव ऑफिसात कुणालाच आठवत नसे. पगार काढणारा कारकूनही दर महिन्याला ते नव्याने शोधायचा. मोबाइल टॉवरच्या लहरींची वाटणी करतो म्हणून वाटप्या. हात असा सफाईचा, की मुंग्यांच्या रांगेला साखरेचा एकच दाणा वाटला असता, तरी शेवटच्या मुंगीने पोटावरून हात फिरवला असता.

वाटणी कसली, तर हवेतल्या जागेची. प्रत्येक टॉवरला लहरींचा ठरावीक रुंदीचा पट्टा मिळतो. त्यातला बहुतेक भाग गाणी, सिनेमे, व्हिडिओ गिळतात. कडेची चिंचोळी पट्टी कमी बोलणाऱ्यांची: पाण्याचे मीटर, लिफ्टमधल्या धोक्याच्या घंटा, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातली बटणं. पाय घसरला, छातीत कळ आली, की बटण दाबायचं. मदतकक्षात लाल दिवा लागतो.

ती पट्टी लवचीक केली वाटप्यानेच. दहा मिनिटं तिच्यावर कुणी बोललं नाही, की ती व्हिडिओवाल्यांना उसनी द्यायची. केसाएवढी फट तेवढी उघडी ठेवायची. तिच्यातून हाक आली, की पट्टी परत. साहेबांनी पाठ थोपटली होती. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. आपण तर कंपनी!"

वाटप्याच्या आक्काच्याही गळ्यात बटण होतं. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. बाई इतकी सोशिक, की घराला आग लागली असती तर शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून आधी दार हळूच लोटून घेतलं असतं. बटण बांधलं तेव्हा म्हणाली होती, "गळ्यात घंटा बांधतोस होय रे? हरवणार आहे का मी?" ते बटण अर्ध्या तासाने एकदा "ठीक आहे" असा हिरवा ठिपका पाठवी. वाटप्याने तो आपल्या पडद्याच्या कोपऱ्यात चोरून लावला होता.

त्या दुपारी स्टेडियमवर अंतिम सामना होता. आक्काचं घर स्टेडियमच्या मागच्याच गल्लीत, टॉवर एकच. चाळीस हजार माणसं समोरचा खेळ सोडून हातातल्या फोनवर तोच खेळ बघत होती. तीनच्या ठोक्याला साहेब धावत आले.

"अरे, चित्र अडकतंय! पट्टी दे."

"ती केव्हाच दिलीय साहेब. आता नुसती फट उरलीय."

"मग फट दे."

"ती हाक मारायची जागा आहे."

"मारतंय का कुणी?"

वाटप्याने पाहिलं. फटीत चिटपाखरू नव्हतं. "नाही."

"मग ओस दारात राखणदार कशाला? तासाभराचा तर प्रश्न आहे."

वाटप्याने फट बंद केली. चित्रं लोण्यासारखी सरकू लागली. साहेबांनी चहा मागवला.

तीन पंचवीसला आक्काचा ठिपका यायचा, तो आला नाही. येणार कुठून? हे त्याला कळत होतं, तरी राहवेना. त्याने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. फटीत आताही शांतताच होती. पण आता त्याला ती शांतता ओळखू आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर आपणच म्हणायचं, तक्रार कुणाचीच नाही!

"साहेब, फट परत घेतो."

"शेवटची दहा मिनिटं उरलीत! हात लावलास तर उद्या या खुर्चीत दुसरा बसेल."

"माझी आक्का आहे तिकडे."

"मग फोन कर ना!"

"लागत नाही. तुमचा सामना चाललाय त्यावर."

आणि त्याने फट उघडली. स्टेडियमवर चाळीस हजार चित्रं जागीच गोठली, चेंडू हवेत. बघणारे सांगतात, चेंडू इतका वेळ वर होता, की खालच्या खेळाडूने बुटाच्या नाड्या बांधून घेतल्या आणि कपाळावरचा घामही पुसला.

आक्काचा ठिपका हिरवा झाला. वाटप्याने डोळे मिटले, श्वास सोडला, डोळे उघडले. आता कोपऱ्यात नव्हे, पडद्याच्या मधोमध एक दिवा होता. लाल. अनोळखी नंबर, आक्काच्या घरापासून चौथी इमारत. पहिल्यांदा दाबलं: तीन वाजून दोन मिनिटं. त्यानंतर तेवीस वेळा.

घड्याळात तीन चाळीस झाले होते.

मदतकक्षातल्या बाईंचा फोन आलाच. "अहो, दिवा आत्ता लागला आणि वेळ मघाची दाखवतोय. असं कसं?"

"आधी माणूस पाठवा बाई."

"निघालाय तो."

सामना संपला. कोण जिंकलं ते वाटप्याला आजही ठाऊक नाही. साहेब मागे काहीतरी बोलत राहिले. चहावर साय धरली.

बाईंचा पुन्हा फोन आला. आवाज उतरलेला होता. "आजी सापडल्या. न्हाणीघरात पडल्या होत्या. दवाखान्यात आणलंय. शुद्धीवर आहेत, पण डॉक्टर मान हलवतायत. आजी सारखं एकच विचारतायत, मी दाबत होते तेव्हा लाइनवर दुसरं कोण बोलत होतं? काय सांगू हो त्यांना?"

वाटप्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"त्यांना सांगा..." तो म्हणाला आणि अडला. जन्मभर मुंगीलाही हिशोबाने वाटणाऱ्याला एक वाक्य पुरेना. "नको, काही सांगू नका. दवाखान्याचा पत्ता द्या. फट मी बंद केली होती. मीच येऊन सांगतो."