बिनवासाचं मेण

रविवारी दुपारी आम्ही दोघी मेण आणायला गेलो. आईला साध्या मेणबत्त्याच घ्यायच्या होत्या.

“मेण ते मेण. वितळवायचं नि हात बुडवायचे, त्यात काय एवढं?”

“मावशी, मेणबत्तीचं मेण फार तापवल्याशिवाय वितळत नाही,” दुकानदार म्हणाला. “हात भाजून घ्याल. हे पॅराफिन खास हातापायांसाठीच आहे, थोड्या उष्णतेवर वितळतं. गुलाबाच्या वासाचं देऊ?”

“नको रे बाबा, बिनवासाचं दे. कपड्यांना वास लागला की गिऱ्हाईक माझ्या नावानं खडे फोडेल.”

आई तीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री करत होती. हल्ली बोटांच्या भेगांत रेशमाचे धागे अडकायचे, म्हणून मालकांनी तिला रेशमी कपडे देणं बंद केलं होतं. ते तिच्या मनाला फार लागलं होतं. मेणाची कल्पना माझी. पण ती काढताना माझ्या मनात रेशीम नव्हतं.

शाळेत मला बक्षीस मिळालं त्या दिवशी आईनं सगळ्यांसमोर माझ्या गालावरून हात फिरवला आणि मी तोंड वळवलं. “टोचतं गं,” म्हणाले. टोचलं वगैरे काही नव्हतं. मैत्रिणी बघत होत्या आणि मला तिची लाज वाटली होती. तेव्हापासून ती माझ्या गालाला पालथा हात लावायची. सव्वीस वर्षं. खरं काय ते मला तिला सांगायचं होतं.

घरी पातेल्यात पाणी उकळून त्यात मेणाचं भांडं ठेवलं. मेण वितळल्यावर आईनं बोट घालून पाहिलं.

“कोमट आहे.”

मी बोट घातलं आणि किंचाळले. इस्त्री तापली का ते ओल्या बोटानं बघणाऱ्या बाईला विचारण्यात अर्थच नव्हता. मेणावर पातळ साय धरेपर्यंत आम्ही थांबलो. मग तिनं हात बुडवले, काढले, पुन्हा बुडवले. पाच-सहा थर बसल्यावर मी वर पिशव्या चढवून टॉवेल गुंडाळला.

“एवढे मऊ हात करून या वयात मला कोण मागणी घालणार?”

“तुझे मालक आहेत की. रांगेत पहिले.”

“तो टकल्या? त्याच्या डोक्यावरनंच इस्त्री फिरवीन.”

वीस मिनिटं तिला हात मांडीवर ठेवून बसायचं होतं. मी तिला बशीनं चहा पाजला. याहून बरी वेळ मिळणार नव्हती.

“आई.”

“काय गं?”

“साखर बरोबर आहे ना?”

मेण सोलून काढल्यावर तिनं माझ्या रेशमी रुमालावरून बोटं फिरवली. एकही धागा अडकला नाही. ती हरखून हसली. मग तिचा हात माझ्या गालाकडे आला आणि वाटेतच पालथा झाला. सवयीनं.

सोमवारी सकाळी अकराला मालकांचा फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

“आज मीच तिला रेशमी सदरा दिला,” मालक म्हणाले. “काय सुरेख केला! दुसरा घ्यायला वळली नि मटकन खाली बसली.” ते रडत होते. मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

नर्सनं मला आत सोडलं आणि पडदा ओढून घेतला. आईचे हात गार पडत चालले होते, पण मऊ होते. मी तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. पडद्यापलीकडे कोणाचे तरी नातेवाईक बोलत होते. ते गप्प झाले तरी मी आवाज खाली आणला नाही.

“आई, मला टोचलं नव्हतं गं. तुझ्या हातांचं काही चुकलं नव्हतं. मैत्रिणी बघत होत्या आणि मला तुझी लाज वाटली. मी खोटं बोलले.”