शेजारची शिट्टी

आमच्या कुकरची तिसरी शिट्टी आता टेंबे वहिनींच्या घरी होते. पहिली आणि दुसरी आमच्याकडेच होतात, नेहमीसारख्या, ओट्यावरचे चमचे थरथरवत. मग डक्टपलीकडच्या त्यांच्या स्वयंपाकघरात तिसरी होते. त्यांचा कुकर त्या वेळी घासून पालथा घातलेला असला तरी होते.

याला कारण मीच. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

संध्याकाळी पतसंस्थेतून आले की मी डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावते आणि तिसरी शिट्टी होईपर्यंत फोनवर एक खेळ खेळते. दिवसभरात माझा म्हणावा असा वेळ तेवढाच. सकाळ डब्यांची, दुपार पतसंस्थेची, जेवणानंतरचा वेळ लेकीच्या, जुईच्या गृहपाठाचा. खेळात माझं नाव वैदीणबाई. माझ्या काठीच्या टोकाला कंदील आहे आणि जखमी माणसावर तो धरला की माणूस बरा होतो. आमची एक टोळी आहे. टोळीचा नायक स्वतःला जहागीरदार म्हणवतो. खरा तो अकोल्याला एका कचेरीत कारकून आहे आणि तोही चोरूनच खेळतो. मला उशीर झाला तरी तो रागावत नाही. कानातल्या यंत्रातून त्याचा आवाज येतो, "आल्या, तीन शिट्ट्यांच्या बाई आल्या."

घरी कुणाला हे माहीत नाही. फोन कणकेच्या डब्याला टेकवलेला असतो आणि पुढ्यात मेथीची जुडी असते. ती जुडी मी कितीदा निवडली असेल, देव जाणे. चाळिशीची बाई, पतसंस्थेत लोकांच्या सह्या जुळत नाहीत म्हणून त्यांना परत पाठवणारी, आणि संध्याकाळी कंदील घेऊन गुहेच्या तोंडाशी उभी! हे सांगायचं कुणाला?

त्या गुहेत अजगर आहे. मरायला तो तीन शिट्ट्यांहून जरासा जास्त वेळ घेतो. रोज तिसरी झाली की मी कंदील खाली ठेवून गॅस बंद करायला उठायचे आणि माझ्यामागे सगळी टोळी मरायची. जेवणं आटोपून फोन पाहिला की ते सगळे गुहेबाहेर कपड्यांवरची धूळ झटकत बसलेले असायचे. "चालायचंच, बाई. संसार आहे," असा जहागीरदारचा निरोप असायचा. घरात मला खेळाची लाज वाटायची आणि खेळात घराची.

म्हणून एकदा, अजगर अर्धामेला झालेला असताना तिसरी शिट्टी झाली, तेव्हा मी उठलेच नाही. बाहेरून श्रीरंगनं, माझ्या नवऱ्यानं, हाक दिली, "तिसरी झाली गं. बंद करतेस ना?"

"आपली नव्हती ती. शेजारची असेल," मी म्हणाले.

आमच्या बिल्डिंगमध्ये हे नेहमीचंच. मधल्या अरुंद डक्टवर स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर, त्यामुळे एकीची शिट्टी दुसरी आपल्यात धरते आणि डाळ कच्ची राहते. कुणाला शंका आली नाही. अजगर त्या दिवशीही मेला नाही, आणि भात मात्र तळाला लागला. दुसऱ्या दिवसापासून तिसरी शिट्टी तिकडे गेली.

टेंबे वहिनी वाटीतून भात घेऊन आल्या. भात कसला, खळच झाली होती.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "माझ्या तीन मी नीट मोजून घेते. त्यावर ही तुमची येते. काल तर कुकर घासायला टाकला होता, तर मोरीत झाली. ह्यांच्या अंगावर चहा सांडला."

"गास्केट बदलून बघा ना," मी म्हणाले.

"गास्केटचं नाही हो. तुम्ही शेजारची म्हणालात म्हणून ती येते. घरच्यांसमोर एकदा 'आमची आहे' म्हणून सांगा, जाईल परत. तिला तरी काय, कुणीतरी आपलं म्हणायला हवं." वाटी परत न घेताच त्या गेल्या. आवाजात जराही राग नव्हता, त्यानंच मी जास्त ओशाळले.

त्या संध्याकाळी मी सांगणार होते. सगळे ताटं घेऊन बसले होते. दुसरी झाली, मग डक्टपलीकडे तिसरी झाली. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की श्रीरंग विचारणार, मग त्या दिवशी शेजारची का म्हणालीस? आणि सासूबाई काही न बोलता कणकेच्या डब्याकडे बघणार. सासूबाईंचं बघणं फार वाईट असतं.

"उद्या नवीन कुकर आणू," मी म्हणाले.

नवीन कुकर आणला. त्याचीही तिसरी तिकडेच झाली.

कुकर दुसरीवर अडला की आत काहीच घडायचं नाही. झाकण काढलं तर तांदूळ तांदूळच असायचे आणि डाळ नुकती धुतल्यासारखी. पातेल्यात शिजत ठेवलं तर पाणी उकळायचं, तांदूळ ढिम्म. पोळ्या करायला घेतल्या तर तवा तापेना, तोही तिसरीसाठी थांबला होता. घरचे रोज ताटं मांडून बसायचे. भुकेनं माणसं चिडतात म्हणतात, आमची मात्र समजूतदारपणे बसून राहिली. "होईल. गॅसला दाब नसेल," श्रीरंग म्हणायचा आणि पँटचा पट्टा आणखी आत ओढून घ्यायचा.

आणि मला वेळ मिळत होता. हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण मिळत होता. दुसरी आणि तिसरीच्या मधला तो सगळा वेळ माझा होता. माझ्या कंदिलाची ज्योत मोठी झाली. आता वाटेतले साधे साप माझ्या उजेडानंच पळायचे, आणि "बाई, हल्ली तुमच्यामुळे जीव राहतो आमचा," असं जहागीरदार म्हणायचा. असं मला घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं.

मग एकदा सासूबाईंना ठसका लागला. जहागीरदार जखमी होऊन पडला होता आणि मी त्याच्यावर कंदील धरला होता.

"आईला पाणी दे गं," श्रीरंग म्हणाला.

"शेजारी कुणीतरी खोकतंय," माझ्या तोंडून गेलं. मी मान वर केली नव्हती.

ठसका तिथल्या तिथे थांबला आणि डक्टपलीकडून ऐकू येऊ लागला. सासूबाई गळ्याला हात लावून क्षणभर बसल्या. मग त्यांनी ताट उचललं, पायात चपला सरकवल्या. "माझा खोकला तिकडे, मी इथे बसून काय करू?" म्हणाल्या आणि टेंब्यांकडे गेल्या. तिकडे त्यांनी भात खाल्ला. मागून घेतला. आमच्याकडे त्यांनी कधी काही मागून घेतलं नव्हतं.

त्या गेल्या तशी आमच्या ओट्याची एक फरशी कमी झाली आणि टेंब्यांच्या ओट्याला एक वाढली. डक्टमधून स्पष्ट दिसत होतं. वहिनी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी जास्तीच्या जागेवर मोठा कुकर ठेवला.

श्रीरंग बेलबरोबर गेला. तो कामावरून आला होता, बेल वाजली, जुई "बाबा आला" म्हणत उठली, आणि मी म्हणाले, "बस गं, शेजारची बेल आहे." हे मात्र मी मुद्दाम म्हणाले नाही. जिभेला वळणच पडलं होतं. लगेच बेल टेंब्यांच्या दाराला वाजली आणि वहिनींचा आवाज आला, "या भावोजी. हातपाय धुवा, पानं घेतलीच आहेत."

त्या दिवसानंतर फ्रिजचं दार उघडेना, कारण समोरची भिंत सरकत येऊन त्याला टेकली होती. मी ओट्याला पाठ लावून तिरकी बसू लागले. आत दोघींना जागा उरली नाही, म्हणून जुई उंबऱ्यात ताट घेऊन बसायची. ती पाचवीत आहे. तिच्या फ्रॉकचा पट्टा आता कमरेवर राहत नव्हता, आणि ताटात फक्त लोणच्याची एक फोड होती. ती फोड ती चाटायची आणि परत ठेवायची, उद्याला हवी म्हणून.

"तू जा की तिकडे. भात आहे," मी म्हणाले.

"तू येतेस?"

"अगं, आपला कुकर लावलाय ना."

"मग मी पण आपल्यातलाच खाणार."

तिनं फोड चाटली. माझ्या हातातल्या फोनकडे तिनं एकदा बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं, जसं मोठ्या माणसाचं काही उघडं दिसलं की मुलं बघतात. म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. मला भिंतीत शिरावंसं वाटलं, आणि भिंत होतीच पाठीशी.

"आई," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मी हाक मारली तर तू काय म्हणशील?"

"ओ म्हणेन. दुसरं काय म्हणणार?"

"शेजारची नाही ना म्हणणार?"

"काहीतरीच काय, वेडे."

मी फोन उलटा करून ठेवला. खरोखर ठेवला. दुसरी शिट्टी झाली. समोरच्या खिडकीत टेंबे वहिनी आल्या. त्यांच्यामागे लांबलचक स्वयंपाकघर दिसत होतं. तिथे पाटांवर सासूबाई बसल्या होत्या, श्रीरंग बसला होता, टेंबे भावोजी वाढत होते.

"आता होईल बघा," वहिनी डक्टमधून म्हणाल्या. "सगळे इथेच आहेत. आमची आहे म्हणा, मी सगळ्यांना घरी पाठवते. पोरगी बघा कशी झालीये. म्हणून टाका हो."

श्रीरंगचा हात घासापाशी थांबला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. फोन कुठे आहे ते त्या बघत नव्हत्या, माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हणणार होते. शब्द ओठांवर होते.

फोन ओट्यावर थरथरला. येता येणार नाही एवढंच सांगायला मी तो सुलटा केला. अजगराचं डोकं जमिनीला टेकलं होतं. त्याच्यात एका श्वासापुरता जीव होता. बाकीची टोळी पडली होती, एकटा जहागीरदार गुडघ्यावर उभा होता.

"बाई, कंदील!" तो म्हणाला. "एकदाच. झालंच."

मी कंदील धरला.

तिकडे तिसरी शिट्टी झाली.

"ही कुणाची?" वहिनींनी विचारलं.

"आई," जुई म्हणाली. ती ओरडली नाही. माझ्या गुडघ्याजवळच तर होती. "आई, सांग ना."

"तुमच्याकडे कुणीतरी हाक मारतंय, बाई," जहागीरदार म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "शेजारची असेल."

अजगर मेला. गुहा उजळली, टोळीतले सगळे उठून उभे राहिले आणि माझ्या नावानं नाचू लागले. कंदील सोन्याचा झाला. "बाई, तुम्ही आज थांबलात," जहागीरदार पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मी मान वर केली. उंबऱ्यात लोणच्याची फोड पडली होती. ताट नव्हतं.

भिंती दोन्ही खांद्यांना लागल्या होत्या. मी कशीबशी खिडकीकडे वळले. जुई तिकडे श्रीरंगशेजारी बसली होती आणि दोन्ही हातांनी भात खात होती.

"जुई!" मी ओरडले. "ती आमची आहे! शिट्टी आमची होती, पहिल्या दिवसापासून आमचीच होती! मी खेळत होते! वहिनी, ऐकताय ना? माझी आहे ती! जुई!"

वहिनी हातात भाताचं भांडं घेऊन थबकल्या.

"कोण हाक मारतंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

जुईनं पुढचा घास घेतला. तिनं मान वर केली नाही.

"शेजारची असेल," ती म्हणाली.

श्रीरंग उठला आणि भात गार होऊ नये म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली.