आरशासारखं तळं

वरचं कोणी येणार म्हटलं की आम्ही झाडू उचलतो. सांडपाण्याच्या पंपावर एकोणतीस वर्षं काढली, अंगात मुरलेली सवय. त्यामुळे सुपरवायझर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मागच्या जुन्या तळ्याची पाहणी आहे," तसा मी दंताळं घेऊन पाण्यात उतरलो. चार दिवस राबलो. पाणगवत कापलं, तरंगणारे कुजके ढीग ओढून काढले, काठाला चुना मारला. तळं कसं आरशासारखं!

तळं बंद पडलेलं, पण माझं. रोज दुपारचा डबा तिथंच खायचो, टिबुकल्या बघत. मुठीएवढा पक्षी, शेपूट म्हणून नाही. बुडाला की कुठं निघेल सांगता येत नाही. आता ते बुजवून ट्रक लावायचं घाटत होतं. पाहणीत पक्ष्यांची पाच घरटी सापडली तरच शहराच्या नकाशावर त्याला हिरवी खूण होणार, मग तिथं कोणी फावडं लावायचं नाही.

पाहणीवाली बाई आली. रबरी बूट, गळ्यात दुर्बीण. काठावर थबकलीच.

"काका, इथलं गवत कुठं गेलं?"

"साफ केलं की तुमच्यासाठी!"

"आणि घरटी?"

"घरटी झाडावर असतात, बाई."

तिनं कपाळावर हात मारला. "टिबुकलीचं पाण्यावर तरंगतं, काका. कुजक्या गवताचा ढीगच दिसतो. उठून जाताना ती वरून गवत ओढून अंडी झाकते."

ढीग. तेच तर मी दंताळ्यानं ओढून काढले होते. आईच्या पाठीवर बसलेली पिल्लं दरवर्षी बघायचो, पण यांचं घर कुठं, हे कधी मनात आलं नाही.

दंताळं पोचलं नव्हतं त्या कोपऱ्यात तिला एक घरटं दिसलं. एकच. "शुक्रवारी शेवटची फेरी," म्हणाली आणि गेली.

घरी आलो तर बूड टेकेना. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत.

"अहो, पायाला भिंगरी लागलीय का?" बायको ओरडली. सांगितलं सगळं. तिनं विचारलं, "काढलेले ढीग कुठं टाकलेत?"

"पंपघराच्या मागं."

"मग दाखवा तिला."

"मी काढले हे लिहून द्यावं लागेल. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. घरी बसवतील."

"आणि घरी बसून असंच फिरणार असाल, तर मला नोटीस आत्ताच मिळाली म्हणायची."

शुक्रवारपर्यंत ना धड जेवलो, ना धड काम केलं. एक झडप दोनदा उघडली, दोनदा बंद केली.

बाई आली तसा तिला थेट पंपघराच्या मागं नेलं. सुपरवायझर मागोमाग. सहा ढीग वाळत पडलेले. तिनं हातानं एकेक उलगडला. चारांत फुटकी कवचं निघाली, गवताच्या रसानं तपकिरी झालेली. तिनं ती ओळीनं मांडली. फोटो काढत राहिली. मला वाटलं, रागावली असती तर बरं.

"चार ही, एक ते. झाली पाच," ती म्हणाली. "पण मोडलेली धरायची का, ते वरचे ठरवतील. आणि घरटी कशानं गेली, तेही लिहावं लागेल."

सुपरवायझर माझ्या कानाशी लागला. "वाऱ्यानं म्हण, वाऱ्यानं."

"वारा कधीपासून दंताळं चालवायला लागला?" मी म्हटलं. "लिहा बाई, मी काढली. साफसफाई म्हणून." खाली सही केली. सही माझी मलाच ओळखू येईना.

तीन आठवडे झाले. तळ्याचं पत्र नाही, माझी नोटीसही नाही. डबा घेऊन बसतो, घास तोंडात फिरत राहतो. कोपऱ्यातल्या घरट्यावरची ती एक टिबुकली मला बघून अंड्यांवर गवत ओढते आणि बुडी मारते. ती वर येईपर्यंत मी उभाच असतो.